भीतीची चित्रे आणि त्यांचे मूळ कागद

सुरतेच्या कतारगाम दरवाज्याकडील इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत प्रथमच शिरणाऱ्या मनुष्यास तेथील थडगी ही थडगी वाटतच नाहीत. घुमट, खांब, कमानी असा त्यांचा थाट आहे. एखाद्या नबाबाच्या बागेत आल्याचा भ्रम व्हावा. सर जॉर्ज ऑक्झेंडेन आणि त्याचा भाऊ ख्रिस्टोफर यांची दुमजली कबर येथेच आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांची वखार लढविणारा जॉर्ज तो हाच. १६६९ मध्ये तो वारला. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडेन याच घराण्यातला. शेजारच्या भागात डचांची, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतील वलंदेजांची, दफनभूमी आहे. तीत व्हान रीड नावाच्या अधिकाऱ्याचे प्रचंड थडगे आहे. हा १६९१ साली मरण पावला. मलबारातील वनस्पतींवरचा १२ खंडांचा सचित्र लॅटिन ग्रंथ त्याने सिद्ध करविला. त्यातील सातशेहून अधिक चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली आहेत; परंतु ती ज्यांवरून कोरली ते हाताने रेखाटलेले कागद निराळे, आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेविलेले आहेत. छापील चित्र एक आणि मूळ चित्र दुसरे, हा भेद ध्यानात असू द्यावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जागा मोठी, झाडी दाट आणि वेळ तिन्हीसांजेची, एवढे जमून आले म्हणजे कोणत्याही गावच्या मुलांस पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. ती ते आपणच रचतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी २३ सप्टेंबर १९५४ रोजी संध्याकाळी असेच झाले. गॉर्बल्स या गरीब वस्तीतील शेकडो मुले तेथल्या विस्तीर्ण दफनभूमीत जमली. कोणाच्या हाती काठी, कोणाच्या हाती सुरी. सात फूट उंचीचा, लोखंडी दातांचा एक रक्तपिपासू पिशाच्च दोन मुलांना खाऊन त्या थडग्यांत दडला आहे, त्यास शोधून मारावयाचे, असा त्यांचा बेत होता. पोलिस शिपाई आला, तो गोंधळला. अखेर शाळेच्या मुख्याध्यापकांनी दटावले आणि पावसाने उरलेले काम केले. प्रत्यक्षात कोणतेही मूल नाहीसे झालेले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशीही मुले परत आली.

वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि गुन्हेगार ठरविण्यास वेळ लागला नाही. अमेरिकेतून येणारी भयकथांची चित्रपुस्तके, ज्यांस सर्वत्र 'हॉरर कॉमिक' म्हणतात, त्यांनीच मुलांची डोकी बिघडविली, असे शिक्षक, पाद्री आणि पुढारी एकमुखाने म्हणू लागले. गंमत अशी की लोखंडी दातांच्या पिशाच्चाचे ते कॉमिक त्या वेळी कोणासही दाखविता आले नाही. लोखंडी दातांचे श्वापद मात्र बायबलात, दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. आणि लोखंडी दातांच्या म्हातारीवरील एक स्कॉटिश कविता तर त्या प्रांतातील शाळांतूनच शिकविली जात असे. शाळेने दिलेले भूत शाळेनेच ओळखले नाही. तथापि एव्हाना चौकशीचे दिवस संपले होते. १९५५ साली ब्रिटिश पार्लमेंटने मुलांना घातक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि पुढल्याच वर्षी, १९५६ साली, भारताच्या संसदेने 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट' मंजूर केला.

हा आपला कायदा वाचण्याजोगा आहे. गुन्ह्यांची, हिंसेची वा क्रौर्याची कृत्ये, अथवा किळसवाणे व भयानक प्रसंग ज्यांत मुख्यत्वेकरून रंगविले आहेत अशा गोष्टींचे प्रकाशन, वीस वर्षांखालील व्यक्तीच्या हाती पडल्यास तिला बिघडविण्याकडे त्याचा समग्रपणे कल असेल तर, घातक मानावे, असे तो सांगतो. विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. असे प्रकाशन सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य सरकारास आणि त्यावर दाद हायकोर्टात. सुरत त्या वेळी मुंबई राज्यात होती. तेव्हा सुरतेच्या चौकबाजारातील एखाद्या पुस्तकविक्याचे दैवही मुंबईतच ठरावयाचे. ब्रिटिश कायदा केवळ चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींपुरता होता. आपल्या कायद्याने चित्रे असोत वा नसोत, सर्वच गोष्टींना कवेत घेतले. म्हणजे बाबूराव अर्नाळकरांच्या ज्या रहस्यकथा महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचल्या, त्यांतील काळा पहाड आणि झुंजार हेही कागदोपत्री या कक्षेच्या फार दूर नव्हते.

परंतु त्या काळी येथील मुले वाचीत काय होती? खुद्द सुरतेतील गांडीव साहित्य मंदिर हे मुलांसाठी 'गांडीव' नावाचे पाक्षिक काढी. हरिप्रसाद व्यास यांच्या बकोर पटेलाच्या गोष्टी त्यात १९३६ पासून १९५५ पर्यंत येत राहिल्या. बकोर पटेल हा बोकड. माणसासारखा कपडे घालून दोन पायांवर चालणारा, बायकोच्या, म्हणजे शकरी पटलाणीच्या, धाकात असणारा. अमेरिकन भयकथा जेव्हा ऐन भरात होत्या, त्याच वर्षांत सुरतेची मुले एका बोकडाच्या फजितीला हसत होती. मराठी घरांत १९५२ पासून 'चांदोबा' येऊ लागला. त्यात मात्र हसण्याबरोबर दुसरेही काही होते. स्मशान, रात्र, हाती तलवार घेतलेला राजा आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारे प्रेत! शंकर या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन् यांचे ते विक्रम-वेताळाचे चित्र ज्याने लहानपणी पाहिले त्यास ते जन्मभर दिसते. किळसवाणा व भयानक प्रसंग म्हणतात तो हाच नव्हे काय? तरी या चित्राने मूल बिघडेल असे कोणत्याही पालकास वाटले नाही. कारण त्या प्रेताच्या तोंडून येणारी गोष्ट मुलाला ठाऊक असे आणि शेवटी न्याय कोणता, हे सांगण्याची जबाबदारी राजावर असे. एकटे चित्र आणि गोष्टीतले चित्र यांत एवढे अंतर पडते.

अमेरिकेतील त्या भयकथांनाही त्यांचा वेताळ होता. किंबहुना तीन होते. तळघराचा रखवालदार, तिजोरीचा रखवालदार आणि म्हातारी चेटकीण हे तिघे खदाखदा हसत गोष्ट सांगत. ही पुस्तके काढणाऱ्या ई. सी. या कंपनीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. ती स्थापन करणारे मॅक्स गेन्स हे बायबलमधील कथांची चित्रपुस्तके छापीत. कंपनीच्या नावातील 'ई' या अक्षराचा मूळ अर्थ 'शैक्षणिक' असा होता. १९४७ साली होडीच्या अपघातात ते वारले. त्यांचा पंचविशीतला मुलगा विल्यम हा रसायनशास्त्राचा शिक्षक होण्याची तयारी करीत होता. नको असताना धंदा त्याच्या गळ्यात पडला. त्याने 'ई' चा अर्थ बदलून 'मनोरंजक' असा केला आणि १९५० साली 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' व 'द हाँट ऑफ फिअर' ही तीन भयमासिके सुरू केली. किंमत दहा सेंट.

या गोष्टींचा साचा बहुधा एकच असे. धनी नोकराला छळतो, नवरा बायकोला विष देतो, सावकार आंधळ्यांना लुबाडतो. आणि मेलेला मनुष्य थडग्यातून उठून, सडलेल्या हातांनी, आपला हिशेब चुकता करतो. नीतीच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या आजीने सांगितलेल्या यमलोकाच्या वर्णनापेक्षा यात निराळे काही नाही. चित्रांची गोष्ट मात्र निराळी. ग्रॅहम इंगल्स हा चित्रकार सडके मांस असे काढी की कागदाला वास यावा. तो सहीच 'घास्टली' अशी करी; आपण 'भेसूर' म्हणू. जॅक डेव्हिस, जॉनी क्रेग, वॉलेस वुड, जो ऑर्लँडो हे इतर. यांतील काही चित्रे वाईट अभिरुचीची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ती देऊ नयेत, असे वाटणाऱ्या आईबापांस मूर्ख म्हणण्याचे कारण नाही.

या चित्रांचे मूळ कागद पाहिले म्हणजे काम किती कष्टाचे होते ते कळते. कागद छापील पानापेक्षा पुष्कळ मोठा. त्यावर संवाद आणि निवेदन यांची अक्षरे चित्राच्या आधीच साच्याच्या साहाय्याने लिहिलेली असत. चित्रकाराच्या वाट्याला चौकटींतली उरलेली जागा. मग पेन्सिल, मग कुंचला आणि काळी शाई. चूक झाली तेथे पांढऱ्या रंगाचा हात. छापील पानात हे काही दिसत नाही. मूळ कागदावर रंगही नसतो. रंग निराळ्या प्रतीवर भरले जात. ई. सी. मध्ये हे काम मेरी सेव्हरिन ही तरुणी करी. एखादी चौकट फारच रक्तबंबाळ झाली की ती तीवर एकच गडद निळा रंग फिरवी, अशी तिच्याविषयी आख्यायिका आहे. म्हणजे मुलांनी पाहिले ते रात्रीच्या अंधारातले चित्र. मूळ कागदावर ते उघड्या काळ्यापांढऱ्यात उभे आहे.

बर्नार्ड क्रिगस्टीन या चित्रकाराची हकीकत तर त्या मूळ कागदांशिवाय समजणारच नाही. 'मास्टर रेस' ही कथा १९५५ साली प्रसिद्ध झाली. नाझी छळछावणीचा एक अधिकारी नाव बदलून अमेरिकेत राहतो आणि भुयारी आगगाडीत त्याला आपल्या पूर्वकर्माचा साक्षीदार दिसतो, अशी ती कथा. येथे थडग्यातून कोणी उठत नाही, पण तिच्याइतकी भयानक कथा त्या कंपनीने दुसरी काढली नसेल. संपादकांनी तिला सहा पाने दिली होती. क्रिगस्टीनने बारा मागितली; मिळाली आठ. अक्षरे तर आधीच सहा पानांच्या मापाने लिहून आलेली. तेव्हा त्याने त्या चौकटी कात्रीने कापल्या, दूर दूर चिकटविल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत धावत्या गाडीच्या खिडक्यांसारख्या अरुंद चौकटींची रांग उभी केली. दहा सेंटांच्या पुस्तकासाठी हा खटाटोप!

इकडे विरोध वाढत होता. त्यात कॅथोलिक समाज मागे नव्हता. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी कॅथोलिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी घरोघर हिंडून कॉमिके गोळा केली आणि त्यांची होळी पेटविली. जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या पेटल्यास तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. ज्या धर्माच्या देवळांत संत लुसी आपले डोळे तबकात घेऊन उभी आहे, संत सबॅस्टियनचे अंग बाणांनी भरले आहे आणि संत बार्थोलोम्यू स्वतःची सोललेली कातडी हाती धरून आहे, त्या धर्माच्या शाळेस भयानक चित्राचे भय वाटावे याचे नवल वाटते. ही चित्रे पाहून कॅथोलिक मूल बिघडत नाही, कारण ते संतचरित्र आधी ऐकते व चित्र मागाहून पाहते. होळीत पडलेल्या कॉमिकांतील गोष्टी मात्र किती शिक्षकांनी शेवटपर्यंत वाचल्या असतील?

या चळवळीचे मुख्य पुढारी डॉ. फ्रेडरिक वर्थम हे मात्र सवंग मनुष्य नव्हते. जर्मनीत जन्मलेले हे मनोविकारतज्ज्ञ हार्लेममध्ये १९४६ पासून गरीब निग्रो वस्तीसाठी अत्यल्प मोबदल्यात चिकित्सालय चालवीत. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनास इजा होते, अशी साक्ष त्यांनी न्यायालयात दिली आणि ती कामी आली. त्यांनीच १९५४ साली 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचा ठपका कॉमिकांवर ठेवला. त्यांचे खाजगी कागद २०१० साली अभ्यासकांस खुले झाले. कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ते तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले की, मुलांच्या मुलाखतींतील वाक्ये वर्थम यांनी बदलली, दोघांची बोलणी एकाच्या तोंडी घातली आणि घरची मारहाण, दारिद्र्य यांसारखी अडचणीची माहिती गाळली. चांगल्या हेतूच्या मनुष्याने हे करावे, ही या प्रकरणातील खरी दुःखाची गोष्ट.

अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे २१ एप्रिल १९५४ रोजी वर्थम यांच्या पाठोपाठ विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. सिनेटर केफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ पुढे धरले. त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले मुंडके धरलेला मनुष्य होता. हे सुरुचीचे आहे काय, असे विचारता, भयकथेच्या मुखपृष्ठास शोभेल असे आहे, असे गेन्स म्हणाले. मुंडके आणखी वर धरून मानेतून रक्त गळताना दाखविले असते तर ते वाईट अभिरुचीचे झाले असते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. दुसऱ्या दिवशी हे उत्तर वर्तमानपत्रांत झळकले आणि खटला तेथेच संपला.

सरकारने काही करण्यापूर्वी प्रकाशकांनी आपणच एकत्र येऊन त्याच साली ऑक्टोबरमध्ये एक नियमावली स्वीकारली. मोहोर नसलेले पुस्तक विक्रेते घेईनात. मासिकाच्या नावात 'हॉरर' वा 'टेरर' हे शब्द नकोत. पिशाच्च, चालती प्रेते, छळ यांस बंदी. न्यायाधीश व पोलिस यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही नको. येथे आपल्या १९५६ च्या कायद्यातील, आणि त्याआधी ब्रिटिश कायद्यातील, 'समग्रपणे' या शब्दाची किंमत कळते. त्या कायद्यांनी निदान संपूर्ण गोष्ट वाचा असे सांगितले; अमेरिकन नियमावलीने वस्तूंची यादी केली. यादी वापरावयास सोपी. प्रेत दिसले की काट मारावी, गोष्ट वाचण्याचे कष्ट पडत नाहीत.

त्याचा पडताळा लवकरच आला. गेन्स यांनी भयमासिके बंद केली होती. विज्ञानकथांचे एक मासिक तेवढे उरले होते. त्यासाठी अँजेलो टॉरेस या तरुणाने चित्रित केलेली एक कथा परीक्षकांनी नाकारली. तिच्या जागी संपादक अल फेल्डस्टीन यांनी १९५३ साली छापलेली आपली जुनी 'जजमेंट डे' ही कथा घातली. पृथ्वीवरून गेलेला एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. तेथे नारिंगी यंत्रमानव वरचे, निळे खालचे. निळ्यांची वस्ती निराळी, काम हलके. दोघेही एकाच साच्यातून निघालेले, फरक फक्त वरच्या पत्र्याचा. पाहुणा सांगतो की तुम्ही अजून विश्वाच्या संघात येण्यास पात्र नाही. ही कथा कोणत्या ग्रहाची हे मराठी माणसास समजावून सांगावयास नको. शेवटच्या चौकटीत, परत जाताना तो शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत असतात.

नियमावलीचे प्रमुख न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी हा मनुष्य काळा नको, असे कळविले. वंशाची टवाळी करू नये असे त्यांच्याच नियमावलीत लिहिलेले होते, आणि कथेत टवाळी नव्हतीच! गेन्स आणि फेल्डस्टीन खवळले. मग निदान घामाचे थेंब तरी काढा, अशी सूचना आली. गेन्स यांनी हे सारे वर्तमानपत्रांपुढे मांडण्याची धमकी दिली आणि १९५६ च्या आरंभी कथा घामाच्या थेंबांसह, जशीच्या तशी छापली. ते त्या कंपनीचे अखेरचे कॉमिक ठरले. पुढे गेन्स यांनी आपले सर्व लक्ष 'मॅड' या विनोदी मासिकाकडे वळविले आणि त्यातच त्यांस संपत्ती मिळाली.

त्या काळच्या बहुतेक प्रकाशकांच्या लेखी छपाईनंतर मूळ चित्रांस रद्दीची किंमत होती. ती फाडली गेली, कापली गेली, कोणा आल्यागेल्यास दिली गेली. गेन्स यांनी मात्र आपल्या कंपनीची जवळजवळ सर्व चित्रे क्रमाने लावून कुलुपात ठेविली. म्हणूनच टॉरेसची ती नाकारलेली कथा १९७१ साली प्रथमच छापता आली; मधली पंधरा वर्षे ती फक्त मूळ कागदांवर जिवंत होती. १९७९ च्या सुमारास रस कॉक्रन या प्रकाशकाने या मूळ कागदांवरून छायाचित्रे घेऊन साऱ्या मासिकांचे मोठ्या आकाराचे, काळेपांढरे खंड काढण्यास आरंभ केला, आणि मूळ चित्रांचे लिलावही सुरू केले. संग्राहक त्यांसाठी चढाओढीने बोली लावू लागले. नियमावलीची ती मोहोर मात्र २०११ साली शेवटच्या प्रकाशकांनीही सोडून दिली. 

इंगल्सला या नव्या कौतुकाची गोडी वाटली नाही. भयमासिके बंद पडल्यावर त्याला काम मिळेना. पुढे तो चित्रकला शिकवू लागला. प्रथम कनेक्टिकटमधील एका पत्रद्वारा शिकविणाऱ्या संस्थेत, मग फ्लॉरिडात खाजगी वर्ग घेऊन. जुन्या कामाविषयी बोलण्यास तो कित्येक वर्षे कोणास भेटला नाही. चाहत्यांनी पत्ता शोधून काढला तरी तो तोंड उघडीना. उतारवयात, कॉक्रनच्या आग्रहावरून, त्याने त्या म्हातारीची काही तैलचित्रे काढून दिली. १९९१ साली तो वारला. त्याची तरुणपणीची पाने आता अनोळखी लोकांच्या घरी भिंतींवर आहेत, आणि त्यांवर त्याच्या हातची 'घास्टली' ही सही स्पष्ट वाचता येते.